वांद्र्याच्या ‘स्टॅनी’वर लेख : मोकळ्या शनिवारांच्या नोंदी

शनिवार, १३ जानेवारी २०२४

बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा असतो. मार्चअखेरपर्यंतचे सगळे मोकळे शनिवार मी एका कामाला लावायचं ठरवलंय. वांद्र्याच्या हिल रोडवरच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूलवर मराठी विकिपीडियासाठी संदर्भांसकट लेख लिहायचाय. (हिल रोडचं कागदोपत्री नाव रामदास नायक मार्ग. रिक्षावाल्याला ते सांगून बघा.)

निमित्त ऑफिसातलं. शेजारच्या काउंटरवरचा मुलगा तिथला माजी विद्यार्थी. डबा खाताना म्हणाला, “मॅडम, तुम्ही देवळांवर लिहिता, किल्ल्यांवर लिहिता, आमच्या शाळेवर लिहा की एकदा.” मी म्हटलं, “तूच का नाही लिहीत?” तर म्हणाला, “मी लिहिलं तर सगळे म्हणणार, आपल्याच शाळेची आरती ओवाळतोय.” बरोबर बोलला. मी तिथली नाही, पार्ल्याच्या मराठी शाळेतली. त्यामुळे माझ्याकडून आपोआप तटस्थ लिहिलं जाईल, असं मी गृहीत धरलं.

संध्याकाळी धूळपाटीवर (विकिपीडियावरचं कच्च्या लिखाणाचं पान) दोन तासांत खर्डा तयार झाला. त्यातलं पहिलं वाक्य इथे जसंच्या तसं ठेवते, कारण पुढचे सगळे शनिवार त्यानेच खाल्ले:

“सेंट स्टॅनिस्लॉस ही ख्रिश्चन मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी १८६३ साली मुंबईत स्थापन केलेली मुलांची नामवंत कॉन्व्हेंट शाळा आहे.”

वाचून मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

रविवार, १४ जानेवारी

खर्डा सहकाऱ्याला पाठवला होता. सकाळी त्याचं उत्तर आलं, सोबत हसण्याचे चार चेहरे. “मॅडम, कॉन्व्हेंट समोर आहे. रस्ता ओलांडून.”

आपल्याकडे इंग्रजी माध्यमाची, टाय-बुटांची कुठलीही शाळा म्हणजे ‘कॉन्व्हेंट’. गावोगावी पाट्यासुद्धा तशाच, देवाधर्माचा संबंध नसलेल्या खासगी शाळांच्याही. पण कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ, आणि त्यांनी चालवलेली ती कॉन्व्हेंट शाळा. स्टॅनिस्लॉस येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांची. हिल रोडवर खरोखरच सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आहे, आणि ती मुलींची शाळा. म्हणजे पहिल्याच वाक्यात मी मुलग्यांना मठात नेऊन बसवलं होतं.

‘कॉन्व्हेंट’ काढलं. त्याच सपाट्यात ‘नामवंत’ही काढलं. ते कोण म्हणतं, हे मला सांगता येईना.

‘मुलांची’ शब्दाचा घोळ तर मराठीचाच. मुलांची शाळा म्हणजे मुलग्यांची, की लहान मुलांची? मराठीत दोन्ही होतं. शाळांवर लिहिणाऱ्यांनी तिथे सरळ ‘मुलग्यांची’ लिहावं. आणि कुठल्याही जुन्या शाळेत सध्या फक्त मुलगेच आहेत का, हे आठवणीवर विसंबून लिहू नये. मुंबईतल्या मुलग्यांच्या किती तरी शाळांनी मुलींना दारं उघडली आहेत. माहितीचौकटीत असली ओळ लिहायची तर ‘अमुक वर्षी’ जोडावं, नाहीतर ती कधी शिळी झाली ते कळतही नाही. चालू माहिती यूडायसवरून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यावरून घ्यावी. शाळेचा ११ अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. एकाच नावाच्या शाळा ढिगाने आहेत, त्यामुळे आधी क्रमांक ताडून बघा. मी पहिल्या खेपेला सेंट झेवियर्स नावाच्या तीन शाळांची माहिती एकीत कालवली होती. तो वेगळ्या लेखाचा किस्सा.

शनिवार, २७ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस वाया गेला, आणि चूक सर्वस्वी माझी.

१८६३ या सालाला शाळेबाहेरचा आधार हवा होता. शाळेच्या कार्यालयाकडून मी मुद्दाम काही मागितलं नाही. तिथून आलेलं सगळं शाळेचंच म्हणणं असतं आणि लेख त्याच सुरात लागतो. म्हणून शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन एडवर्ड्सने १९०९-१० मध्ये काढलेले मुंबईच्या गॅझेटियरचे तीन खंड मागवले. सकाळी साडेदहा ते दुपारी चार. वांद्रं सापडेना. शिक्षणाचं प्रकरण झालं, धर्मसंस्थांचं झालं, सूची झाली. ‘पुढे लागेल’ म्हणून ३८ पानांच्या झेरॉक्स काढल्या, तीन रुपयांप्रमाणे ११४ रुपये.

परतीच्या गाडीत माहीम मागे पडलं, खाडीचा वास आला, आणि तेव्हा ट्यूब पेटली. १८६३ साली वांद्रं मुंबईत नव्हतंच! ते साष्टी बेटावरचं, ठाणे जिल्ह्यातलं गाव होतं. मुंबई संपायची माहीमला. मधल्या खाडीवर १८४५ साली माहीम कॉजवे झाला तो जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नीच्या पैशावर. त्याआधी होड्या होत्या. १८६३ मध्ये मुंबईहून वांद्र्याला आगगाडीही जात नव्हती. बीबीसीआयची (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) गाडी ग्रँट रोडपर्यंत आली १८६४ च्या अखेरीस. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० साली, आणि वांद्रं बृहन्मुंबईत आलं १९५० मध्ये. म्हणजे माझ्या वाक्यातला ‘मुंबईत’ हा शब्द ८७ वर्षं आधीच येऊन बसला होता.

वांद्र्याची नोंद शोधायची ती कॅम्पबेलच्या ठाणे गॅझेटियरमध्ये. तेराव्या खंडात जिल्हा, चौदाव्यात गावं. दोन्ही १८८२ चे, आणि दोन्ही घरबसल्या फुकट वाचता येतात. ११४ रुपयांच्या पाठकोऱ्या पानांवर मुलगी गणितं सोडवते आहे.

हे नुसतं भूगोलाचं नाही, म्हणून इतकं लिहिलं. ‘मुंबईत शाळा काढली’ म्हटलं की डोळ्यांपुढे फोर्टातली गॉथिक इमारत, साहेबाची पोरं येतात. ‘साष्टीतल्या एका ख्रिस्ती गावात काढली’ म्हटलं की कोळी, आगरी शेजार, भातशेती, घरात मराठी बोलणारी माणसं दिसतात. शाळा तीच, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाव निराळंच उभं राहतं.

मंगळवार, ३० जानेवारी

रात्री अर्धा तास. नावाचं लेखन. पोलिश उच्चार स्तानिस्वाफच्या जवळ जातो, लॅटिन-इंग्रजीतून आलं ते स्टॅनिस्लॉस, आणि पोरं म्हणतात स्टॅनी. लेखाचं शीर्षक लोक लिहितात तेच ठेवलं, बाकीच्या नावांवरून तिकडे पुनर्निर्देशनं केली.

संत कोण, यावर दोन ओळी हव्यातच. स्टॅनिस्लॉस कोस्टका, पोलंडच्या उमराव घराण्यातला मुलगा. घरच्यांचा विरोध डावलून व्हिएन्नाहून निघाला, चालत रोमपर्यंत गेला, येशूसंघात उमेदवार म्हणून दाखल झाला आणि १५ ऑगस्ट १५६८ रोजी वारला. वय सतरा. १७२६ मध्ये संतपद. शाळकरी पोरांचा संत म्हणून हेच नाव का, ते वयावरूनच कळतं. मी खर्ड्यात ‘१५ ऑगस्टला संतांचा सण’ असं ठोकून दिलं होतं. येशूसंघाच्या पंचांगात त्याचा सण पूर्वापार १३ नोव्हेंबरला. पुण्यतिथी आणि सण एकच, असं धरून चालायचं नाही. आपल्याकडे साधुसंतांची पुण्यतिथीच उत्सव असते, त्या सवयीने फसले.

शनिवार, १० फेब्रुवारी

‘ख्रिश्चन मिशनऱ्यांनी’ या दोन शब्दांवर सकाळ गेली.

मूळ खर्ड्यात पुढे एक वाक्य होतं : “विल्सन, झेवियर्स, स्टॅनिस्लॉस अशा मिशनरी शाळांनी…” सगळे एकाच पंगतीत. विल्सन म्हणजे स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, नगरकडचे अमेरिकन मराठी मिशनवाले वेगळे, आणि झेवियर्स-स्टॅनिस्लॉस हे कॅथलिक, त्यातही येशूसंघीय. त्या काळी या मंडळींचं आपसात मुळीच पटत नसे. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे यांना सरसकट ‘भटजी’ म्हणणाऱ्यावर आपण जसे डाफरू, तसं डाफरायला त्यांनाही जागा आहे. ‘येशूसंघीय धर्मगुरूंनी’ असं केलं.

आता ज्या चुकीची खरी लाज वाटली ती. येशूसंघ वांद्र्यात पोर्तुगीज काळापासून होता, हे वाचलं आणि हात शिवशिवले. लिहिलं : “वांद्र्यात येशूसंघाची शिक्षणपरंपरा सोळाव्या शतकापासून अखंड आहे.” छान वाक्य, माजी विद्यार्थ्यांना तर फारच आवडलं असतं. फक्त ‘अखंड’ खोटं.

तारखा ओळीने मांडल्या तेव्हा खंड दिसला. १७३७ ते १७३९ मध्ये साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेली. १७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या मुलखातून येशूसंघीयांना हाकललं. १७७३ मध्ये पोपने संघच विसर्जित केला, १८१४ मध्ये पुन्हा उभा केला. मुंबईकडे येशूसंघीय परतले ते १८५० च्या दशकात, आणि तेही पोर्तुगीज नव्हे, प्रामुख्याने जर्मन प्रांताचे. म्हणजे मध्ये शंभराहून जास्त वर्षांचं रिकामपण. जुन्या संघाचं नाव नव्या संघाला होतं, एवढाच धागा.

याच परिच्छेदात मी लिहिलं होतं, “चिमाजीअप्पांनी वसई मुक्त केली.” शाळेत असंच शिकलो. लिहिताना काही खटकलं नाही, आणि मी नेमकं कोणाच्या बाजूने बोलतेय ते याच शब्दात उघडं पडलं. वांद्रे-वसईच्या कॅथलिक घरांतही १७३९ ची आठवण आहे, पण तिथे ‘मुक्त’ हा शब्द नाही. त्यांनी लिहिलं असतं तर ‘पडली’ लिहिलं असतं. मी दोन्ही टाळून ‘मराठ्यांनी वसई जिंकली’ केलं. आजोबांच्या तसबिरीकडे बघवेना, पण शब्द तोच बरोबर आहे.

मग वहीत समासाची रेघ मारली आणि प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी लिहायला लागले : हे कोण म्हणतंय, आणि असं म्हणण्यात त्याचा काय लाभ. एका वाक्याला सरासरी दहा मिनिटं जातात. संध्याकाळपर्यंत ४१० शब्दांतले १६० उरले.

रविवार, ११ फेब्रुवारी

‘स्थापन केलेली’. हा शब्द फार कामं एकटा करतो. संस्था सुरू झाली कधी, तिला आजचं नाव मिळालं कधी, इंग्रजी शाळा झाली कधी, हायस्कूल म्हणून मान्यता कधी, आजची इमारत कधीची? पाच वेगळी सालं असू शकतात, आणि शाळा सहसा त्यातलं सगळ्यात जुनं पाटीवर लावते. त्यात फसवणूक नाही, कुठलंही घराणं तेच करतं.

१८६३ मध्ये सुरू झालं ते येशूसंघीयांचं, एतद्देशीय मुलांसाठीचं अनाथालय. आज दिसतं ते हायस्कूल त्यातून वाढलं. म्हणून ‘१८६३ साली स्थापन झालेलं हायस्कूल’ असं लिहिलं तर हायस्कूल फुगतं आणि अनाथालय पुसलं जातं. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘अनाथ’ हा शब्द एकदाही नव्हता. सहा ओळींत सिनेनट होते. कोणी सांगितलं नव्हतं वगळायला, माझं मीच वगळलं.

असंच एक, जाताजाता. जुन्या विद्यार्थ्यांबद्दल ‘एसएससी झाले’ लिहिताना साल बघा. स्वातंत्र्याच्या आधी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होती, एसएससी मागाहून आली. आणि दहावीची एसएससी १९७५ पासून, त्याआधी अकरावीची.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज पायी फिरले. वांद्रे स्टेशन ते हिल रोड, मग समुद्राच्या दिशेने. खर्च : लोकल, रिक्षा, एक पॅटिस आणि पाणी मिळून १३५ रुपये.

कागदावर न कळलेली एक गोष्ट पायांना कळली. शाळा सेंट पीटर्स चर्चला लागून आहे. त्याच रस्त्याने दहा-बारा मिनिटं चाललं की सेंट अँड्र्यूज चर्च, सोळाव्या शतकातलं. एवढ्या जवळ दोन मोठी कॅथलिक चर्चं कशाला, असा प्रश्न पडला. मी समजत होते की वस्ती वाढली म्हणून.

तसं नाही. पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेला जुना हक्क होता, पाद्रोआदो. चर्चवर बिशप नेमायचा तो राजाने. रोमने पुढे स्वतःची यंत्रणा उभी केली, प्रोपगंडा. मुंबईत १७९४ पासून दोन्ही सत्ता शेजारीशेजारी, गावोगावी भावकीत भांडणं, कुठल्या चर्चची चावी कोणाकडे यावरून मारामारीची वेळ. माहीमच्या चर्चमध्ये १८५३ साली रोमच्या बाजूचे खुद्द बिशप हार्टमन स्वतःला कोंडून घेऊन बसले होते. ही दुहेरी सत्ता मिटली ती १९२८ मध्ये. सेंट अँड्र्यूज पाद्रोआदोचं, सेंट पीटर्स दुसऱ्या बाजूचं, म्हणजे रोमने पाठवलेल्या येशूसंघीयांचं. स्टॅनिस्लॉस त्या दुसऱ्या अंगणात वाढली.

याचा लेखाशी संबंध असा की मी जमवलेला जवळजवळ प्रत्येक ‘चर्चबाहेरचा’ आधार प्रत्यक्षात चर्चमधल्या एका बाजूचा निघाला. ‘एक्झामिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक १८५० पासूनचं, फार मोलाचं, पण ते हार्टमन यांनीच काढलेलं. जर्मन येशूसंघीयांचं मासिक ‘डी काथोलिशन मिसिओनन’ १८७३ पासूनचं. त्यात मुंबई मिशनच्या बातम्या येत, पण ते वाचणारे म्हणजे युरोपातले देणगीदार. देणगीदारांना लिहिलेल्या पत्रात अनाथ पोरं जितकी केविलवाणी दिसतील तितकं बरं. मी आतापर्यंत ‘कॅथलिक’ म्हणजे एक गठ्ठा आणि ‘आपण’ म्हणजे दुसरा, असंच धरून चालले होते. त्या गठ्ठ्याच्या आतच एवढी भांडणं होती.

रानवार गावठाणात एका ओट्यावर म्हातारे गृहस्थ बसले होते, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातले. शेजारच्या घराचा फोटो काढू का विचारलं, तिथून गप्पा. मी बोलताना दोनदा ‘पाद्री’ म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग शांतपणे, “पाद्री नको लिहू गो. फादर लिही.” शब्द पोर्तुगीजच, अर्थही ‘फादर’च, पण मराठीत ‘पाद्री’ला जो वास चिकटलाय तो त्यांना माझ्यापेक्षा आधी आला. प्रॉटेस्टंटांकडे पाळक, रेव्हरंड. कॅथलिकांकडे फादर किंवा धर्मगुरू. लेखात सगळीकडे बदललं, सात ठिकाणी.

आमच्या घरात लहानपणी याहून वाईट शब्द सहज वापरात होता, ‘बाटलेले’. कोणी रागाने म्हणत नसे, भाजीवालीचं वर्णन करावं तसं म्हणत. जुन्या मराठी पुस्तकांतही तो सापडतो. उद्धृत करायचाच असेल तर अवतरणचिन्हांत, कोणाचा ते सांगून. लेखकाच्या आवाजात तो येता कामा नये. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्या समाजाने स्वतः घेतलं, १८८७ मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी. लोकांना त्यांनी घेतलेल्या नावाने लिहावं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

जर्मन फादरांचं पुढे काय झालं, हे कोणीतरी विचारणारच. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. काही स्थानबद्ध, बहुतेक परत पाठवले गेले. नंतर १९२० च्या दशकात मुंबईकडे स्पॅनिश येशूसंघीय आले. म्हणून या शाळेच्या जुन्या काळावर काम करणाऱ्याला आधी जर्मन आणि मग स्पॅनिश कागद लागणार. मला दोन्ही भाषा येत नाहीत. तिथे लेख थांबवला.

एक आडवाट. हेन्री डोरिंग या जर्मन फादरांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले, युद्धामुळे भारतात परत येता आलं नाही, तर रोमने त्यांना जपानात हिरोशिमाला पाठवलं, आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. याचा स्टॅनिस्लॉसशी थेट संबंध नाही, त्यामुळे लेखात नाही. पण ‘मिशनरी म्हणजे इंग्रज’ हे माझ्या डोक्यातलं समीकरण या माणसाने मोडलं म्हणून इथे.

शनिवार, ९ मार्च

‘धर्मप्रसारासाठी’ हा शब्द अजून जागेवरच होता. मी त्याला मुद्दाम हात लावत नव्हते.

वहीच्या समासात लिहिलं : कोण म्हणतं? उत्तर रिकामं. हेतूबद्दल बोलायचं तर हेतू सांगणारा कागद हवा, नाहीतर जे केलं तेवढंच लिहायचं. अनाथालय चालवलं, शाळा चालवली. ते कॅथलिक धर्मसंघाने केलं हे वाक्यात आहेच, वाचक मूर्ख नाही. उलट बाजूने सहकाऱ्याने सुचवलेलं ‘ज्ञानाचा दीप लावला’ हेही त्याच कसोटीला उतरत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खोडले, म्हणजे तोही गप्प आणि मीही गप्प.

खर्ड्याच्या शेवटी आणखी एक वाक्य लपलं होतं : “अल्पसंख्याक दर्जामुळे अशा शाळा गरिबांच्या २५ टक्के जागा टाळतात.” ‘अशा शाळा’. एका शाळेच्या लेखात ‘अशा शाळा’ आल्या की समजावं, लिहिणारीला दुसऱ्याच कोणाशी भांडायचंय. मी तपासलं. राज्यघटनेचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं आणि मे २०१४ च्या प्रमती निकालात अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही. तो निकाल योग्य की अयोग्य यावर भरपूर वाद आहे आणि तो व्हावा, पण तो कायद्याच्या लेखात. न्यायालयाने लागूच नाही म्हटलेली गोष्ट एखादी शाळा ‘टाळते’ हे क्रियापदच खोटं. शिवाय या शाळेबद्दल माझ्याकडे तसा एकही कागद नव्हता.

मग ते वाक्य आलं कुठून? १९८७ साली माझ्या धाकट्या भावाला आमच्या उपनगरातल्या एका शाळेत, वेगळ्याच, प्रवेश नाकारला होता. बाबा दोनदा रांगेत उभे राहिले होते. घरात त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही, पण ‘त्यांच्या शाळा’ हा शब्दप्रयोग राहिला. सदतीस वर्षांनी तो माझ्या धूळपाटीवर उतरला, संदर्भाविना. रात्री भावाला फोन केला. त्याला तो प्रवेश आठवतही नव्हता. म्हणाला, “ताई, बरं झालं की, नाहीतर मला रोज ट्रेनने जावं लागलं असतं.”

गुरुवार, १४ मार्च

माजी विद्यार्थी. हा विभाग लिहायला वीस मिनिटं लागतात आणि राखायला जन्म.

सलमान खानचं शालेय शिक्षण इथे पूर्ण झालं, अरबाझ आणि सोहेल हे भाऊही इथलेच. सलमान त्याआधी काही वर्षं ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूलमध्ये होता, हे बहुतेक याद्यांत गळतं. वीरेन रस्किन्हा हा हॉकीपटूही इथला, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला. हॉकी ही या शाळेची जुनी ओळख. माझ्या खर्ड्यात खान बंधूंना सहा ओळी आणि हॉकीला अर्धी ओळ होती. मी सिनेमे बघते, हॉकी बघत नाही. प्रमाण उलटं केलं.

नियम केला : नाव, साल आणि स्वतंत्र आधार, तिन्ही असतील तरच यादीत. ‘वांद्र्याचा आहे म्हणजे स्टॅनीचाच असणार’ या तत्त्वावर आलेली नऊ नावं काढली. सहकाऱ्याने त्याच्या बॅचच्या लोकांच्या आठवणीही पाठवल्या, गोड आणि कडू दोन्ही. वाचायला सुंदर, पण विकिपीडियात त्यांना जागा नाही. कडू वगळून गोड ठेवल्या असत्या तर कोणी हरकत घेतली नसती. म्हणून दोन्ही वगळल्या.

शनिवार, २३ मार्च

छायाचित्रं. सकाळी आठला रस्त्यावरून तेरा फोटो काढले. भारतात सार्वजनिक ठिकाणाहून इमारतीचा फोटो काढून मुक्त परवान्याखाली चढवायला कायद्याची आडकाठी नाही. तेरापैकी नऊ फोटोंत शाळेत शिरणारी पोरं होती, चेहरे ओळखू येणारी. ते कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसाठ्यावर चढवले नाहीत. शाळेचा फोटो काढायचा तर रविवारी दुपारी जा, हे लिहून ठेवते.

मोठी चूक वेगळी. एका परिचितांकडच्या जुन्या स्मरणिकेतलं गटछायाचित्र ‘जुनं आहे, चालेल’ म्हणून चढवलं होतं. चार दिवसांत उडालं, आणि उडायलाच हवं होतं. फोटो जुना असणं पुरत नाही. तो कधी प्रसिद्ध झाला ते कळायला हवं, कारण आपल्याकडे प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात. स्मरणिकेवर साल नव्हतं. स्कॅनिंगचे ८० रुपये गेले.

शनिवार, ३० मार्च

मोकळा शनिवार नव्हे, वर्षअखेर. बँकेतून रात्री साडेनऊला घरी. तरीही लेख धूळपाटीवरून मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रत्यक्ष लेखांच्या जागी हलवला. पहिलं वाक्य आता असं :

“सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल ही मुंबईतील वांद्रे येथील कॅथलिक शाळा असून, येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वांद्रे गावात सुरू केलेल्या अनाथालयातून ती वाढली.”

एकूण ३४० शब्द. वेळ साधारण ४६ तास, पैसे ५००च्या आसपास. सहकाऱ्याला दुवा पाठवला. त्याचं उत्तर : “मॅडम, एवढंच?”

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी निरीक्षणसूची (लेखांतले बदल दाखवणारी यादी) उघडली तर तीन दिवसांत दोन संपादनं. एका अनामिकाने ‘अनाथालयातून ती वाढली’ काढून ‘नामवंत शाळा आहे’ घातलं. दुसऱ्याने ‘येशूसंघीय धर्मगुरूंनी’ काढून ‘मिशनऱ्यांनी धर्मप्रसारासाठी’ घातलं. दोघे मिळून माझा १३ जानेवारीचा खर्डा बहुतेक परत आणून बसवला होता.

दोन्ही उलटवली. संपादन सारांशात ‘संदर्भ द्या’ एवढंच लिहिलं, आणि चर्चा पानावर ठाणे गॅझेटियरचा खंड आणि १८६३ चा हिशेब मांडला. दुसऱ्याने दुपारी तिथे विचारलंय, वांद्रं ठाण्यात कधी होतं, काहीही काय. त्याला उत्तर लिहायचंय. ११४ रुपयांची गोष्ट सांगावी की नुसता दुवा द्यावा, ते रात्री ठरवते.